प्रभुभोजन आणि पंगत

नवी दिल्लीत गोल डाकखान्यापाशी बंगला साहिब गुरुद्वारा आणि सेक्रेड हार्ट कॅथीड्रल ही दोन मोठी प्रार्थनास्थळे एकमेकांच्या शेजारी उभी आहेत. १६६४ मध्ये गुरू हरकिशन यांचा मुक्काम ज्या हवेलीत होता तिच्या जागी आज हा गुरुद्वारा आहे. तेथील लंगरमध्ये दररोज हजारो माणसे जमिनीवर पंगतीने बसून डाळ-रोटी जेवतात. शेजारच्या कॅथीड्रलची कोनशिला १९२९ मध्ये बसविण्यात आली. तेथे रविवारी सकाळी उपासक रांगेने वेदीकडे जातात आणि धर्मगुरूच्या हातून गव्हाच्या बिनआंबवलेल्या पिठाची, नाण्याएवढ्या आकाराची एक पातळ चकती ग्रहण करतात. ती जिभेवर ठेवताच विरघळते आणि तिने कोणाचीही भूक भागत नाही. तरीही या विधीला भोजन असे म्हणतात. दोन्ही ठिकाणी डोकावणाऱ्या पाहुण्याच्या मनात साहजिकच असा प्रश्न उभा राहतो की, याला भोजन का म्हणावयाचे, आणि हे भोजन असेल तर त्याची पंगत कोठे आहे?

हा प्रश्न अडाणीपणाचा समजून बाजूस सारण्यासारखा नाही. ख्रिस्ती धर्माच्या पहिल्या पिढीतच तो विचारला गेला होता आणि विचारणारा खुद्द एक प्रेषित होता. या विधीची नावे अनेक आहेत. मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांत ‘प्रभुभोजन’ हे नाव रूढ आहे, तर कॅथलिक समाज ‘मिस्सा’ म्हणतो. ‘युखारिस्ट’ या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ आभार मानणे असा आहे आणि ‘कम्युनियन’ म्हणजे सहभागिता. सर्वांत जुने नाव मात्र अगदी घरगुती आहे. ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथात त्याला नुसते ‘भाकर मोडणे’ असे म्हटले आहे.

या भोजनाचे मूळ यहुदी लोकांच्या वल्हांडण सणात आहे. ‘वल्हांडण’ हा मराठी बायबलने रुळविलेला शब्द असून वलांडणे, म्हणजे ओलांडून जाणे, या क्रियापदाशी त्याचे नाते आहे. इजिप्तच्या दास्यात असलेल्या इस्राएल लोकांच्या घरांच्या चौकटींवर कोकराचे रक्त लावलेले होते. ते पाहून मृत्यू ती घरे ओलांडून पुढे गेला आणि त्याच रात्री हे लोक गुलामगिरीतून बाहेर पडले, अशी ती कथा आहे. ‘निर्गम’ या ग्रंथाच्या १२व्या अध्यायात त्या रात्रीच्या जेवणाचे नियम दिले आहेत आणि ते वाचताना घाईतल्या प्रवासाचे चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. कंबर कसलेली, पायांत जोडे, हातात काठी. पीठ आंबावयास वेळ नाही म्हणून भाकर बेखमीर. गुलामीची चव विसरू नये म्हणून सोबत कडू भाजी. या नियमांत एक बारीकसा नियम असा आहे की, एखाद्या कुटुंबाला अख्खे कोकरू संपणार नसेल तर त्याने शेजारच्या घराला सामील करून घ्यावे आणि माणसे मोजून कोकरू निवडावे. मुक्तीचे जेवण एकट्याने जेवावयाचे नाही, ही तरतूद अशी आरंभापासूनच होती.

मराठी वाचकाला या सणासाठी फार लांब जावयास नको. कोकणात शतकानुशतके राहिलेले बेने इस्रायल लोक मराठी बोलतात. त्यांच्यात या सणाला पूर्वी ‘अनाशी ढाकाचा सण’ असे नाव होते. आंबट रसाचे भांडे झाकून ठेवण्याचा सण, असा त्याचा अर्थ सांगतात. मूळ ग्रंथांशी संबंध तुटलेल्या काळातही आंबलेले अन्न वर्ज्य करण्याची खूण त्यांनी सांभाळली होती. दिल्लीतील हुमायून रोडवरचे ज्युडाह हयाम सिनेगॉग १९५६ मध्ये उभे राहिले. त्याच्या इतिहासातही या मराठी भाषिक समाजाचा वाटा मोठा आहे.

येशू याच परंपरेत वाढला. शुभवर्तमाने वाचताना एक गोष्ट वारंवार नजरेस येते, ती म्हणजे तो सतत कोणाच्या तरी घरी जेवावयास बसलेला असतो. जकातदार लेवीच्या घरी, जक्कयाच्या घरी, एका परुश्याच्या घरी. त्याच्यावरील आरोपांपैकी अगदी नेहमीचा आरोप त्याच्या शिकवणुकीबद्दलचा नसून पंगतीबद्दलचा होता. हा पापी लोकांबरोबर जेवतो, अशी धर्मनिष्ठांची तक्रार होती. पाच हजारांना जेवू घातल्याचा प्रसंग चारही शुभवर्तमानांत येतो. मार्कच्या वर्णनात लोक हिरव्या गवतावर शंभर-शंभर आणि पन्नास-पन्नासांच्या गटांनी बसतात. मराठी माणसाला त्या पंगतीच वाटाव्यात. येशू भाकरी घेतो, आशीर्वाद देतो, मोडतो आणि वाटतो. या चार क्रिया याच क्रमाने पुन्हा शेवटच्या भोजनात येतात. अम्माऊसच्या वाटेवर भेटलेल्या अनोळखी सोबत्याच्या प्रसंगात त्या आणखी एकदा येतात. दिवसभर त्याचे बोलणे ऐकूनही दोघा शिष्यांना तो कोण हे कळले नाही. त्याने भाकर मोडली तेव्हा कळले.

क्रुसावर जाण्याच्या आदल्या रात्री यरुशलेमेतील माडीवरच्या खोलीत जे भोजन झाले त्याची हकीकत मत्तय, मार्क आणि लूक यांनी सांगितली आहे. हे वल्हांडणाचे भोजन होते असे हे तिघे सांगतात. योहानाच्या मते ते सणाच्या आदल्या दिवशीचे होते. विद्वानांनी या फरकावर पुष्कळ शाई खर्चिली आहे. वाचकाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची गोष्ट अशी की, येशूने भाकर मोडून ती आपले शरीर असल्याचे सांगितले आणि द्राक्षारसाच्या प्याल्याला आपल्या रक्तातील करार म्हटले. लूकच्या वृत्तान्ताप्रमाणे आपल्या स्मरणासाठी हे करीत राहण्याची आज्ञाही त्याने दिली. योहानाच्या शुभवर्तमानात हे शब्द नाहीत. त्यांच्या जागी तेथे एक कृती आहे. जेवण चालू असता येशू उठतो, कमरेला रुमाल बांधतो आणि शिष्यांचे पाय धुतो. पाय धुणे हे घरातील नोकराचे काम होते. भाकरीचा अर्थ काय याचे योहानाने दिलेले उत्तर या कृतीत आहे, असे अनेक भाष्यकारांनी मानले आहे. आणखी एक तपशील सहसा दुर्लक्षिला जातो. त्याला धरून देणारा यहूदा इस्कर्योतही त्याच पंगतीला होता. तो निघून गेला तो आपण होऊन.

तथापि या भोजनाचा सर्वांत जुना लेखी वृत्तान्त शुभवर्तमानांत सापडत नाही. तो एका तक्रारीच्या पत्रात आहे. इसवी सन ५३ ते ५५च्या सुमारास पौलाने करिंथ येथील मंडळीला पत्र लिहिले. करिंथ हे दोन बंदरांच्या मधले, व्यापारावर श्रीमंत झालेले शहर होते. तेथील छोट्या ख्रिस्ती मंडळीत काही सुखवस्तू गृहस्थ होते. गुलाम आणि मजूरही होते. त्या काळी प्रभुभोजन हे खरोखरीचे जेवण असे. कोणाच्या तरी घरी सायंकाळी सर्वांनी जमावे आणि जेवताना भाकर मोडून प्रभूचे स्मरण करावे, अशी रीत होती. रोमन धनिकाच्या घरातील भोजनकक्षात तिवाशांवर टेकून सुमारे नऊ माणसे मावत. उरलेल्यांना बाहेरच्या चौकात जागा मिळे. ज्यांना कामाची ददात नव्हती ते लवकर येत, आपापले आणलेले खाऊन-पिऊन तृप्त होत, काही तर झिंगतही. मालकाचे काम आटोपून गुलाम येई तेव्हा त्याच्या वाट्याला रिकामी भांडी येत.

ही बातमी पौलाला कळली तेव्हा त्याने या मंडळीला श्रद्धेचे पाठ दिले नाहीत. तुम्ही जे जेवता ते प्रभूचे भोजन नव्हेच, असे त्याने रोखठोक कळविले. उपासना योग्य होती, शब्द योग्य होते, भाकर आणि प्यालाही होता. एक माणूस भुकेला राहिला एवढ्याने ते सारे रद्द झाले, असा त्याचा निर्णय होता. पत्राच्या ११व्या अध्यायात तो भोजनाची मूळ हकीकत सांगतो ती या संदर्भात. आज जगभरच्या ख्रिस्तमंदिरांत विधीच्या वेळी जे शब्द गंभीरपणे उच्चारले जातात ते कागदावर प्रथम उतरले ते अशा एका पंक्तिभेदाच्या भांडणामुळे, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

त्याच अध्यायात पौल पुढे असा इशारा देतो की, शरीर न ओळखता जो खातो-पितो तो स्वतःवर न्यायदंड ओढवून घेतो. येथे ‘शरीर’ म्हणजे काय? पुढील काळातील बहुतेकांनी त्याचा अर्थ पवित्र केलेली भाकर असा केला आणि ती अनादराने घेऊ नये असा बोध काढला. परंतु याआधीच्या अध्यायात पौलाने म्हटले आहे की, भाकर एक आहे म्हणून ती वाटून घेणारे अनेकजण एक शरीर आहेत. आणि पुढच्या अध्यायात तो मंडळीलाच ख्रिस्ताचे शरीर म्हणतो. म्हणजे शेजारी बसलेल्या भुकेल्या माणसाला न ओळखणे हाच शरीराचा अवमान होय, असाही अर्थ निघतो. दोन्ही अर्थ टिकण्यासारखे आहेत. मात्र पहिला अर्थ वेदीपुढे पाळणे सोपे आहे आणि दुसरा घरी गेल्यावरही पाळावा लागतो. बहुधा म्हणूनच पहिला अधिक लोकप्रिय झाला.

अंत्युखिया येथेही असाच तंटा झाला होता. यहूदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांबरोबर पेत्र जेवत असे. यरुशलेमेहून काही कर्मठ मंडळी येताच तो त्या पंगतीतून मागे सरला. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात पौल सांगतो की, आपण त्याला सर्वांसमक्ष तोंडावर विरोध केला. नव्या धर्माचा पहिला मोठा वाद अशा रीतीने कोणी कोणाबरोबर जेवावे या मुद्द्यावर झाला.

दुसऱ्या शतकात जेवण आणि विधी हळूहळू वेगळे झाले. इसवी सन १५०च्या सुमारास रोममध्ये जस्टिन मार्टर या लेखकाने रविवारच्या उपासनेचे जे वर्णन केले आहे त्यात पोटभर जेवणाचा उल्लेख नाही. भाकर, द्राक्षारस आणि पाणी तेवढे आहे. पण त्यात दोन गोष्टी शिल्लक आहेत. जे येऊ शकले नाहीत त्यांच्याकडे भाकरीचा वाटा घरी पोचविला जाई आणि जमलेल्या दानातून अनाथ, विधवा, रोगी व बंदिवान यांची काळजी घेतली जाई. पूर्वीचे जेवण काही काळ ‘अगापे’ म्हणजे प्रीतिभोजन या नावाने स्वतंत्रपणे चालू राहिले आणि मग बहुतेक ठिकाणी मागे पडले. भाकरीचा आकारही पुढे लहान होत गेला.

मध्ययुगातील आणि धर्मसुधारणेच्या काळातील वाद येथे विस्ताराने सांगण्याचे कारण नाही. १२१५च्या लॅटरन परिषदेने भाकर व द्राक्षारस यांचे तत्त्व पालटून त्यांचे ख्रिस्ताचे शरीर व रक्त होते, या मताला अधिकृत शब्द दिला. १५२९ मध्ये जर्मनीतील मारबुर्ग येथे ल्यूथर आणि झ्विंग्ली हे दोन सुधारक याच प्रश्नावर भेटले. इतर मुद्द्यांवर त्यांचे एकमत झाले आणि या एका मुद्द्यावर ते दुरावले. सामान्यजनांच्या दृष्टीने अधिक झोंबणारी गोष्ट वेगळी होती. पश्चिम युरोपात प्याला फक्त धर्मगुरूंसाठी राखला जाऊ लागला होता आणि १४१५ मध्ये कॉन्स्टन्सच्या परिषदेने त्या रिवाजावर शिक्कामोर्तब केले. बोहेमियातील हुस याच्या अनुयायांनी ‘प्याला सर्वांना’ हे आपले निशाण केले आणि त्यासाठी युद्धे लढली. एका घोटासाठी माणसे रणांगणावर का उतरली, हे कळण्यास भारतीय वाचकाला फारसे कष्ट पडू नयेत.

कारण प्रभुभोजनाचा विधी मराठी मुलखात आला तो अशा समाजात की, जेथे अन्न आणि पाणी यांवरून माणसाची जागा ठरत असे. रोटीव्यवहार आणि बेटीव्यवहार या दोन शब्दांत जातीची हद्द सामावलेली होती. सोवळे-ओवळे, खरकटे, उष्टे ही नुसती स्वच्छतेची परिभाषा नव्हती. दुसऱ्याच्या ओठाला लागलेले भांडे आपल्या ओठाला लावणे ही गोष्ट घरातल्या घरातही नियमांनी बांधलेली होती, मग परक्या जातीच्या माणसाची गोष्ट दूरच. आणि येथे तर एकच प्याला सर्व मंडळीच्या ओठांवरून फिरावयाचा होता. युरोपात ज्या कृतीकडे कोणाचे विशेष लक्षही जात नसे ती येथे आयुष्य उलथून टाकणारी ठरली. वारकरी परंपरेतील काल्याची आठवण येथे होणे स्वाभाविक आहे. काल्यात सर्वांच्या शिदोऱ्या एकत्र कालवल्या जातात आणि वारकरी एकमेकांच्या मुखी घास देतात. उष्ट्याचा विटाळ तेवढ्यापुरता उरत नाही. तथापि काला संपला की माणसे आपापल्या गावी, आपापल्या पंगतीला परतत. बाप्तिस्मा घेणाऱ्याला परतण्यासाठी ती पंगत राहत नसे.

मराठी अनुवादकांनी ग्रीक शब्दासाठी ‘भाकर’ हा शब्द वापरला, याचाही परिणाम दूरवर झाला. १८११ मध्ये श्रीरामपूर येथे विल्यम कॅरी यांच्या देखरेखीखाली मराठी नवा करार छापला गेला आणि तेव्हापासून शतकभर अनुवादाचे काम चालू राहिले. भाकर हे कष्टकऱ्याचे अन्न आहे. ती सुरीने कापीत नाहीत, हाताने मोडतात. ‘भाकर मोडणे’ हा प्रयोग त्यामुळे मराठीत परका वाटत नाही. प्रत्यक्ष उपासनेत मात्र बहुतेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांत पावाचे लहान तुकडे वापरले जातात आणि कॅथलिक नियमानुसार भाकर गव्हाचीच असावी लागते. ज्वारी-बाजरीला तेथे प्रवेश नाही. ग्रंथात भाकर आणि वेदीवर पाव ही विसंगती मराठी ख्रिस्ती माणसाने फारशी तक्रार न करता स्वीकारली आहे.

पाव या वस्तूचे मराठी मनातील स्थान मोठे चमत्कारिक आहे. पोर्तुगीज काळात विहिरीत पाव टाकून गावेच्या गावे बाटविली, अशी लोककथा वसईकडे आणि गोव्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. तिच्या ऐतिहासिक सत्यतेपेक्षा तिच्यामागील समजूत लक्षणीय आहे. धर्म मनाने बदलत नाही, तो घशाखाली उतरलेल्या घासाने बदलतो, ही ती समजूत होय. ही समजूत सुधारकांनीही उलट बाजूने मान्य केली होती. १८४९ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या परमहंस मंडळीत प्रवेश करणाऱ्या हिंदू तरुणाला ख्रिस्ती भटाऱ्याने भाजलेल्या पावाचा तुकडा खावा लागे. मंडळी गुप्त होती. १८६०च्या सुमारास सभासदांची यादी बाहेर फुटल्याच्या धसक्याने ती मोडली. ज्यांनी जातिभेदाविरुद्ध शपथ घेतली होती त्यांनाही तो तुकडा उजेडात खाणे जमले नाही.

त्यानंतर तीस वर्षांनी पुण्यात जे घडले ते सर्वपरिचित आहे. १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये एका व्याख्यानानिमित्त शहरातील प्रतिष्ठित मंडळी जमली. न्यायमूर्ती रानडे आणि बाळ गंगाधर टिळक त्यांत होते. पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटे ठेवण्यात आली. काहींनी चहा घेतला, काहींनी पेला नुसता हाती धरला. गोपाळराव जोशी यांच्या खटपटीने उपस्थितांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रात प्रसिद्ध झाली आणि शहरात ग्रामण्य उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. टिळकांनी आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानडे यांनीही अखेर १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले आणि त्याबद्दल सुधारकांनी त्यांना दोष दिला. मिशनमधील तो चहा हा धार्मिक विधी नव्हता, हे उघड आहे. परंतु एका पेल्याने एवढे होत असेल, तर त्याच मिशनच्या मंदिरात प्याला ओठांना लावणाऱ्याने काय पणास लावलेले असे, याची कल्पना यावरून येते.

ही किंमत आतून कशी दिसत असे हे लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रातून कळते. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई पतीजवळ राहावयास आल्या तेव्हाही त्यांनी आपले सोवळे आणि स्वयंपाक-पाणी वेगळे ठेवले होते. एका छपराखाली दोन चुली होत्या. कोणाच्या हातचे खावे आणि कोणाच्या हातचे खाऊ नये हे देवाने ठरविले की माणसाने, या विचाराशी त्या एकट्याच झगडल्या आणि ते माणसाचे काम असे त्यांच्या मनाने घेतले. बाप्तिस्मा त्यांनी त्यानंतर, १९०० मध्ये घेतला. क्रम पाहण्यासारखा आहे. जेवणाचा प्रश्न आधी सुटला.

अहमदनगर परिसरात अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्यांत बहुसंख्य सभासद महार आणि मांग या समाजांतून आलेले होते. सवर्णांच्या दृष्टीने दोघेही अस्पृश्य. परंतु त्या दोघांतही परस्पर रोटीव्यवहार नव्हता. एका भाकरीचा अर्थ त्यांच्यापुढे आला तो वरच्या जातींशी नाते जोडण्याच्या आधी शेजारच्या वस्तीशी नाते जोडण्याच्या रूपात. ही गाठ अधिक चिवट होती. शिखरावरच्या माणसाने खाली उतरण्याच्या कथा लिहिल्या जातात. तळाशी असलेल्या दोघांनी एकमेकांकडे सरकण्याच्या कथा क्वचितच लिहिल्या गेल्या.

दक्षिणेत काही मिशनऱ्यांनी या भोजनाचा कसोटीसारखा उपयोग केला. १८३३ मध्ये कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी दक्षिणेतील मंडळ्यांत चालू असलेले जातिभेद, त्यांत उपासनेतील वेगळी आसने आणि वेगळे प्याले आले, तत्काळ बंद करण्याचा आदेश दिला. तंजावरकडील अनेकांनी तो मानला नाही. १८४७ मध्ये मदुरेच्या अमेरिकन मिशनने प्रीतिभोजने योजून, जो सर्वांबरोबर जेवणार नाही त्याला मंडळीत ठेवावयाचे नाही असे ठरविले. हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण पाहुणचाराची परीक्षा झाली की जेवणारा घास मोजू लागतो आणि वाढणारा माणसे मोजू लागतो. शिवाय परीक्षक स्वतः या कसोटीस कितपत उतरत होते? रविवारी एकाच वेदीपुढे गुडघे टेकणारे गोरे आणि देशी ख्रिस्ती सोमवारी बहुधा एका मेजावर जेवत नसत.

दिल्लीत याला एक उल्लेखनीय अपवाद घडला. १९०६ मध्ये सेंट स्टीफन्स कॉलेजच्या प्राचार्यपदी सुशीलकुमार रुद्र यांची नेमणूक झाली. त्या जागेवर आलेले ते पहिले भारतीय. इंग्रज सहकारी सी. एफ. अँड्र्यूज यांनी या नेमणुकीचा आग्रह धरला होता. काश्मिरी गेटजवळील रुद्र यांच्या घरी अँड्र्यूज यांचा नित्य वावर असे. १९१५ मध्ये गांधीजी दिल्लीस आले ते रुद्र यांच्याकडेच उतरले. राज्यकर्ते आणि प्रजा, ख्रिस्ती आणि हिंदू यांनी एका घरी जेवण्याची ती गोष्ट त्या काळच्या दिल्लीत साधी नव्हती.

विसाव्या शतकात कॅथलिक उपासनेचे रूपही बदलले. १९६४च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये ३८वी आंतरराष्ट्रीय युखारिस्ट परिषद मुंबईत भरली आणि तिच्यासाठी सहावे पोप पॉल भारतात आले. त्यापूर्वी एकच वर्ष, डिसेंबर १९६३ मध्ये, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लोकभाषांना उपासनेत वाट मोकळी करून दिली होती. वसईच्या गावांत लॅटिनच्या जागी मराठी मिस्सा होऊ लागली. पूर्वी लोकांकडे पाठ करून उभा राहणारा धर्मगुरू आता मेजाच्या पलीकडून लोकांकडे तोंड करून उभा राहू लागला. एवढ्या एका बदलाने वेदी पुन्हा जेवणाच्या मेजासारखी दिसू लागली. १९६९ मध्ये भारतापुरत्या बारा सवलती मंजूर झाल्या. त्यांत मांडी घालून बसणे, हात जोडून नमस्कार, समई आणि आरती यांचा समावेश होता. काही भाविकांना हे हिंदूकरण वाटले व त्यांनी विरोध केला. सामान्यजनांना प्याला देण्याची वाटही काही प्रसंगांपुरती पुन्हा उघडली.

प्याल्याची कथा मात्र तेथेही संपली नाही. जंतुशास्त्राच्या प्रसारानंतर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांनी एका प्याल्याऐवजी प्रत्येकाला वेगळी लहान पेली देण्यास आरंभ केला आणि ती रीत मिशनांबरोबर भारतात आली. उष्ट्याचा नियम जो धर्माने मोडला होता तो आरोग्याच्या वाटेने परत आला, असे कोणी थट्टेने म्हणेल. २०२० मध्ये कोविडच्या साथीत मंदिरे बंद झाली तेव्हा जगभर लोकांनी घरच्या पडद्यावर उपासना पाहिली. पडद्यावरील धर्मगुरू भाकर मोडीत असता घरातल्या माणसाने आपला पाव हाती धरावा काय, यावर मंडळ्यांचे एकमत झाले नाही. कॅथलिक परंपरेने तसे करण्यास मान्यता दिली नाही.

पंगतीचा सर्वांत अवघड भेद अखेर जातीपेक्षाही मंडळ्यांच्या आपसांतील भेदात उरला. अँग्लिकन परंपरेत या भोजनाचे पौरोहित्य करावयाचे तर बिशपकडून दीक्षा मिळालेली असावी लागते. प्रेस्बिटेरियन, काँग्रिगेशनल, बाप्टिस्ट या परंपरांत तसे नाही. इंग्लंड-स्कॉटलंडमधील जुन्या भांडणांची ही वाटणी भारतीय ख्रिस्ती माणसाने आयती स्वीकारली होती. नगरचा ख्रिस्ती आणि पुण्याच्या पंचहौदचा ख्रिस्ती एकाच भाषेत प्रार्थना करीत आणि वेगवेगळ्या मेजांवर प्रभुभोजन घेत. उत्तर भारतातील ही तुटकी मेजे जोडण्याची बोलणी १९२९ पासून चालली होती. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. निरनिराळ्या परंपरांच्या धर्मसेवकांवर प्रार्थनापूर्वक हात ठेवण्यात आले, जेणेकरून पुढे कोणाच्याही हातून मोडलेल्या भाकरीबद्दल कोणी शंका घेऊ नये. अमेरिकन परंपरेतील मेथडिस्ट मंडळी मात्र अगदी शेवटच्या टप्प्यावर या ऐक्यातून बाहेर राहिली.

नवी दिल्लीतील कॅथीड्रल चर्च ऑफ द रिडेम्प्शन हे मंदिर आज या एकत्रित मंडळीकडे आहे. हेन्री मेड यांनी त्याचा आराखडा केला. सेक्रेड हार्ट कॅथीड्रलचे वास्तुशिल्पीही तेच. दोन्ही मंदिरांत एकाच रात्रीची हकीकत जवळजवळ त्याच शब्दांत वाचली जाते. एका मंदिरातून दुसऱ्याकडे पायी जावयास फार वेळ लागत नाही. परंतु कॅथलिक नियमाप्रमाणे एका मंदिरातील उपासकाला दुसऱ्या मंदिरातील भोजनात सामान्यतः भाग घेता येत नाही. दरवर्षी १८ ते २५ जानेवारी हा ख्रिस्ती ऐक्याच्या प्रार्थनेचा सप्ताह पाळला जातो. त्या वेळी निरनिराळ्या मंडळ्यांचे लोक एका छताखाली जमतात, शास्त्रपाठ वाचतात, गीते गातात आणि एकमेकांचे हात हाती घेतात. मेज मात्र त्या दिवशी मांडले जात नाही.